कोड सापडला, बॅटरी बदलली, तरी गाडी सुरू होईना! बंद इंजिनचं डीबगिंग कसं करायचं?



एरवी आपण इथे फोन, ॲप्स आणि सेटिंग्जबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. किल्ली फिरवली आणि गाडी सुरूच झाली नाही, तर काय बघायचं, आणि कोणत्या क्रमाने बघायचं?

हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या पावसाळ्यात मी यात ४,२०० रुपये घालवले. मला कोणी फसवलं नाही. फोनच्या स्क्रीनवर दिसलेल्या एका कोडवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, एवढंच.

नेमकं काय झालं?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घर कराडला. घरी पप्पांची दहा वर्षं जुनी पेट्रोल कार आहे. जूनमध्ये सुट्टीला घरी गेलो तेव्हा पप्पा म्हणाले, "सकाळी कधीकधी सेल्फ घेत नाही रे. दोन-तीनदा मारावा लागतो."

माझ्या बॅगेत नवाकोरा ब्लूटूथ ओबीडी डोंगल होता. स्टीअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावला, ॲप उघडलं, स्कॅन केलं. कोड आला: पी०५६२, सिस्टिम व्होल्टेज लो. बॅटरी तीन वर्षांची होती. म्हटलं, झालं, सापडलं! त्याच संध्याकाळी नवी बॅटरी बसवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पप्पा खूश, मी त्याहून खूश.

तीन आठवड्यांनी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, कोल्हापूरला. सकाळी सहाला निघायचं होतं. धो धो पाऊस. पप्पांनी किल्ली फिरवली आणि आवाज आला, कट... कट-कट-कट-कट. मला फोन आला, "अरे, तुझी नवी बॅटरी गेली बहुतेक." पुण्यात बसून मी काय करणार? ऐनवेळी दुसरी गाडी मिळाली नाही. ऑपरेशनची तारीख दोन आठवडे पुढे गेली. आजीशी बोललो तर ती म्हणाली, "असू दे रे, डोळा कुठं पळून जातोय?" पण मला मात्र लाज वाटली. कारण मी बग सोडवला नव्हता, फक्त झाकला होता.

पुढे खरं कारण सापडलं. ते सांगतोच. पण त्याआधी पद्धत समजून घेऊ, कारण तीच आधी वापरली असती तर बॅटरीचे पैसे आणि आजीची तारीख, दोन्ही वाचलं असतं.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतंय का?

"गाडी सुरू होत नाही" ही एक तक्रार नाही, दोन आहेत. "ॲप उघडतच नाही" आणि "ॲप उघडतं पण लगेच क्रॅश होतं" यात जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे.

एक: सेल्फ मारला तरी इंजिन फिरतच नाही. म्हणजे बॅटरीपासून स्टार्टर मोटरपर्यंतच्या विजेच्या रस्त्यात गडबड आहे. पेट्रोल, प्लग, फिल्टर यांचा इथे काही संबंध नाही.

दोन: इंजिन नेहमीसारखं "खर्र-खर्र-खर्र" फिरतं, पण पेटत नाही. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर बहुधा ठीक आहेत. आता पेट्रोल, ठिणगी आणि सेन्सरकडे बघायचं.

या एका प्रश्नाने अर्धे पार्ट यादीतून बाद होतात. पुढची प्रत्येक तपासणीही अशीच निवडायची, की उत्तर काहीही आलं तरी उरलेली यादी निम्मी व्हावी.

इंजिन फिरतच नसेल तर: आवाज ऐका

किल्ली फिरवताना नेमका काय आवाज येतो, ते नीट ऐका.

१) पूर्ण शांतता, डॅशबोर्डही काळा: बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे.

२) डॅशबोर्ड छान उजळतो, पण सेल्फला काहीच आवाज नाही: आधी फुकटातल्या गोष्टी बघा. बऱ्याच कारना क्लच पूर्ण दाबावा लागतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये हवा. स्कूटरला ब्रेक दाबावा लागतो. बाइकचा लाल किल स्विच कोणीतरी गंमत म्हणून दाबलेला असतो, किंवा साइड स्टँड खाली असतो. हे सगळं ठीक असेल तर मग फ्यूज आणि स्टार्टर रिलेकडे वळा.

३) भराभर कट-कट-कट: स्टार्टरचा सोलेनॉइड ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, तो परत ओढला जातो. बॅटरी कमजोर आहे किंवा कुठेतरी जोडणी खराब आहे.

४) एकच मोठा "टक" आणि पुढे काही नाही: सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. स्टार्टर, त्याची जोडणी किंवा जाम झालेलं इंजिन, यापैकी काहीतरी.

५) मोटर सुसाट फिरल्याचा आवाज, पण इंजिन हलत नाही: स्टार्टरचं छोटं गिअर इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये अडकत नाहीये.

आता एक सोपी चाचणी. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम विझत आला तर बॅटरी किंवा जोडणीवर संशय. लाइट जसाच्या तसा राहिला तर करंट स्टार्टरकडे जातच नाहीये, म्हणजे स्विच, रिले, स्टार्टर किंवा त्याच्याकडे जाणारी वायर.

मल्टिमीटर: चार-पाचशे रुपयांचा खरा मित्र

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि लाल-काळी टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावा. नेहमीच्या १२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीसाठी साधारण आकडे असे:

रात्रभर उभी असलेली गाडी: १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

सेल्फ मारताना: आकडा खाली येणारच, पण १० च्या वर राहायला हवा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर किंवा उतरलेली.

इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीतही १२.५ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाहीये.

यातला मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो भार असताना घेतलेला आहे. जुना फोन ४० टक्के बॅटरी दाखवतो आणि कॅमेरा उघडताच बंद पडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. गाडीचंही तसंच. नुसत्या उभ्या गाडीचे १२.५ व्होल्ट फार काही सिद्ध करत नाहीत.

आणि खरं कारण सापडलं

त्याच शनिवारी मी घरी गेलो. या वेळी डोंगल बॅगेतच ठेवला आणि मल्टिमीटर काढला. कट-कट थांबलं होतं, पण इंजिन रडतरखडत फिरत होतं. उभ्या गाडीत १२.५. सेल्फ मारताना ११.६.

इथे मी गोंधळलो. बॅटरी कमजोर असती तर आकडा ९ च्या आसपास कोसळला असता. ११.६ म्हणजे बॅटरीला फारसे कष्टच पडत नव्हते. मग इंजिन एवढं हळू का फिरतंय?

गल्लीच्या कोपऱ्यावर गॅरेज असलेले काका हे सगळं उभं राहून बघत होते. म्हणाले, "लेका, बॅटरीला काय सारखं सारखं विचारतोस? करंट गेला की परत यायला पण लागतो. परतीचा रस्ता बघ की!"

परतीचा रस्ता म्हणजे अर्थ वायर. बॅटरीच्या प्लसमधून जाड केबलने करंट स्टार्टरला जातो, आणि तिथून इंजिनच्या लोखंडातून अर्थ केबलने बॅटरीच्या मायनसला परत येतो. काकांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला लावायला सांगितलं आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. पप्पांनी सेल्फ मारला. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले ३.८!

म्हणजे बॅटरीने दिलेल्या ११.६ पैकी ३.८ व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. स्टार्टरला उरत होते आठही नाहीत.

यातलं गणित अकरावी-बारावीतलंच आहे. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. स्टार्टर सहज १५० अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडणीत फक्त ०.०३ ओहम रेझिस्टन्स असला तरी १५० गुणिले ०.०३, म्हणजे ४.५ व्होल्ट गेले. आणि त्याच जोडणीतून एखाद्या छोट्या दिव्याचा १ अँपिअर गेला तर हरवतात फक्त ०.०३ व्होल्ट. म्हणूनच डॅशबोर्ड, रेडिओ, आतला दिवा, सगळं झकास चालतं आणि गाडी मात्र सुरू होत नाही. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून एवढा छोटा रेझिस्टन्स नीट मोजताही येत नाही. तो सापडतो भार असतानाच.

पक्कं करायला काकांनी जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या ब्रॅकेटला. म्हणजे खराब अर्थला समांतर एक चांगला रस्ता. सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू!

एअर फिल्टरच्या डब्याखाली अर्थ केबलचा बोल्ट पार गंजला होता. केबलचं आवरण कापलं तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. नवी केबल आणि मजुरी मिळून ३५० रुपये.

मग कोड खोटा होता का?

नाही. कोड बरोबर होता, माझं वाचन चुकलं. अल्टरनेटरही इंजिनवरच बसवलेला असतो, त्यामुळे चार्जिंगचा करंटही याच खराब अर्थमधून फिरत होता. बॅटरी पूर्ण चार्ज होत नव्हती आणि गाडीच्या कंप्युटरला व्होल्टेज खरोखरच कमी दिसत होतं. तो म्हणाला, "व्होल्टेज कमी आहे." मी ऐकलं, "बॅटरी बदल."

नवी बॅटरी बसवल्यावर गाडी सुरू झाली, कारण ती दुकानातून पूर्ण चार्ज होऊन आली होती आणि बसवताना टर्मिनलही घासून साफ झाले होते. तेवढ्या जोरावर तीन आठवडे निघाले.

हे एक वाक्य लक्षात ठेवा: कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. एरर लॉगमध्ये "कनेक्शन टाइमआउट" दिसलं म्हणून कोणी लगेच सर्व्हर बदलत नाही. गाडीतही तेच.

इंजिन फिरतंय पण पेटत नसेल तर?

पेट्रोल इंजिनला पेटायला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब म्हणजे कॉम्प्रेशन. तेही योग्य वेळी. क्रम असा ठेवा.

पेट्रोल: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, टाकीकडून दोन-तीन सेकंद "सूंऽऽ" असा आवाज येतो. तो पेट्रोल पंप. १ एप्रिल २०२० ला बीएस६ लागू झाल्यापासून जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकीही इंजेक्शनवर आल्या, त्यामुळे त्यांनाही हे लागू. आवाज नाही आला तर पंपाचा फ्यूज, रिले आणि मग पंप बघा. काटा चुकीचं दाखवू शकतो, त्यामुळे शंका असेल तर एक लिटर पेट्रोल घालून बघा. हसू नका, असं होतं.

चोरीविरोधी लॉक: कारच्या डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीला किल्लीतली चिप ओळखता येत नाहीये. दुसरी किल्ली वापरून बघा. बिनकिल्लीच्या रिमोटची बॅटरी उतरली असेल तर रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बघा, बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने काम होतं.

ठिणगी: दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी पडत नाहीये किंवा पेट्रोल जास्त झालंय. पेट्रोल जास्त झालं असेल तर बऱ्याच इंजेक्शनच्या कारमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की कंप्युटर पेट्रोल तोडतो आणि इंजिन कोरडं होतं.

क्रँक सेन्सर: इथे फोन कमालीचा उपयोगी पडतो. डोंगल लावून ॲपमध्ये आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. इंजिन कानाला फिरताना ऐकू येतंय, पण आरपीएम शून्यच दाखवतोय? मग क्रँक सेन्सरवर दाट संशय. इंजिन फिरतंय हेच कंप्युटरला कळत नसेल, तर तो पेट्रोल आणि ठिणगी देणार तरी कधी? याचा नेहमीचा कोड पी०३३५.

बाइक पडली होती का? बऱ्याच नव्या दुचाकींत झुकाव ओळखणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद करतो. गाडी सरळ करा, किल्ली बंद करून परत चालू करा.

आवाज बदलला का? इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भराभर फिरत असेल, मधला तो ठोका गायब असेल, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली असू शकते. तिथेच थांबा, परत सेल्फ मारू नका.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसते. थंडीत स्प्रिंगसारख्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर नुसतं डिझेल घालून भागत नाही, लाइनमधली हवाही काढावी लागते.

फोन कसा वापरायचा?

ओबीडी पोर्ट १६ पिनांचा असतो. अमेरिकेत तो १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या कारना सक्तीचा झाला आणि पुढे जगभर पसरला. दुचाकींत बहुधा वेगळा, कमी पिनांचा कनेक्टर असतो, त्याला जोडकेबल लागते. कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसिस, यू म्हणजे आतलं नेटवर्क. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा.

कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. ॲपमध्ये "फ्रीझ फ्रेम" असेल तर तोही. कोड आला त्या क्षणी वेग, तापमान, आरपीएम काय होतं, याची ती नोंद असते. "क्लिअर" दाबलं की हा पुरावा गेला.

आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल बहुतेक चालत नाही. वाय-फायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. काम झालं की डोंगल काढून ठेवा, कारण तो बंद गाडीतही बॅटरी खातो.

डोंगल नसला तरी फोन कामाचा आहे. सेल्फ मारताना डॅशबोर्डचा व्हिडिओ काढा, आवाज नीट येईल असा. फ्यूज काढायच्या आधी फोटो काढा. मग मेकॅनिकला "गाडी सुरू होत नाही" एवढंच न सांगता असा मेसेज पाठवा: "इंजिन फिरतं पण हळू. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना ११.६. रात्री पाऊस होता. व्हिडिओ सोबत." चांगल्या मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं.

हे अजिबात करू नका

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर जळतो.

तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक वर. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर सगळं थांबवा.

पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका. २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना वेगळे सांगायला नकोत. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. गाडी ओढूनच न्या.

दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना क्रम पाळा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. काढताना बरोबर उलटा क्रम.

थोडक्यात

आधी इंजिन फिरतंय का ते बघा. मग आवाज ऐका. मग भार असताना मोजा. कोड सगळ्यात शेवटी वाचा आणि त्याच्याकडे साक्षीदार म्हणून बघा, न्यायाधीश म्हणून नाही. आणि पार्ट बदलल्यावर गाडी सुरू झाली, तरी "का सुरू झाली?" याचं उत्तर मिळेपर्यंत काम संपलं असं समजू नका. मी जूनमध्ये एवढा एकच प्रश्न विचारला नव्हता.

आजीचं ऑपरेशन दोन आठवड्यांनी व्यवस्थित पार पडलं. त्या दिवशीही पाऊस होता आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तरी पप्पांनी आदल्या रात्री दोनदा सुरू करून बघितली होती. माझ्या दुरुस्तीवर त्यांचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही, आणि ते बरोबरच आहे!